कॉलेजात पॅरा अ‍ॅथलेटिक्सचा संघ उभा करताना: पुण्यातल्या कोचसाठी

पॅरा अ‍ॅथलेटिक्सचा संघ उभा करायचा म्हटलं की क्रीडा विभाग सगळ्यात आधी रेसिंग व्हीलचेअरचं कोटेशन मागवतो. ते शेवटी मागवा. आयात केलेली एक रेसिंग चेअर काही लाखांत जाते आणि ती एकाच खेळाडूच्या मापाची असते. तेवढ्या पैशात बसून फेकायच्या अनेक फ्रेम, गोळे, थाळ्या, क्लब (फेकायचा लाकडी दांडू), गाइडच्या म्हणजे अंध खेळाडूसोबत धावणाऱ्याच्या दोऱ्या आणि वर्षभराचा प्रवासखर्च निघतो. पहिल्या वर्षी बसून फेक, गाइडसोबत धावणं आणि उभ्याने होणारे प्रकार एवढंच ठेवा. ते नीट बसलं की चेअरचा विचार करा.

मुलं शोधायला फार लांब जावं लागत नाही. समान संधी कक्षाकडे दिव्यांग विद्यार्थ्यांची यादी असते. परीक्षेला लेखनिक घेणाऱ्यांची यादी परीक्षा विभागात मिळते. कोरेगाव पार्क आणि कोथरूडच्या अंधशाळांत शिकलेली बरीच मुलं पुढे पुण्यातच पदवीला येतात. पण यादीतल्या प्रत्येकाला बोलावून आशा लावू नका, कारण सरकारी प्रमाणपत्र आणि खेळातली पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी वर्गीकरण, मग सरावाचा आराखडा

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. पॅरा अ‍ॅथलेटिक्समध्ये १० प्रकारच्या कमतरता धरतात. यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ४० टक्के लिहिलंय म्हणून वर्ग मिळतोच असं नाही. एक डोळा पूर्ण गेलेला पण दुसऱ्याने नीट दिसणारा मुलगा टी१३ मध्ये, म्हणजे दृष्टीच्या सगळ्यात सौम्य वर्गातही, बसत नाही. दृष्टीच्या वर्गांसाठी दोन्ही डोळे धरून, चष्म्यासकट तपासणी होते. तसंच कर्णबधिर विद्यार्थी पॅरा स्पर्धेत येत नाहीत. त्यांची स्वतंत्र रचना आहे, वर डेफलिम्पिक्स. त्यांना सरावाला जरूर घ्या, पण नाव योग्य संघटनेकडे पाठवा. चुकीच्या अर्जात त्यांचा एक हंगाम फुकट जातो.

वर्गांचे आकडे पाठ करायला सोपे आहेत. टी म्हणजे ट्रॅक आणि उड्या, एफ म्हणजे फेक. ११ ते १३ दृष्टी, २० बौद्धिक, ३१ ते ३८ सेरेब्रल पाल्सी आणि तत्सम (त्यातले ३१ ते ३४ बसून), ४० आणि ४१ कमी उंची, ४२ ते ४४ पायाची कमतरता पण कृत्रिम पायाशिवाय, ४५ ते ४७ हात, ६१ ते ६४ कृत्रिम पाय लावून, ५१ ते ५७ बसून खेळणारे.

वर्गीकरणाच्या टेबलावर कागद अपुरे पडले की मुलगा तिथूनच परत येतो. मणक्याच्या इजेला एमआरआय आणि डिस्चार्ज कार्ड, पोलिओला स्नायूंच्या ताकदीचा अहवाल, दृष्टीला नेत्रतज्ज्ञाचा ताजा अहवाल आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी लागते. जुने एक्स-रे गावाकडे ट्रंकेत पडलेले असतात, ते दिवाळीच्या सुट्टीत आणायला सांगा. आणि मुलाला एक गोष्ट निक्षून सांगा: टेबलावर ताकद लपवायची नाही. वर्गीकरण करणारे नंतर स्पर्धेतही पाहतात. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये एफ५२ थाळीफेकीतलं भारताचं कांस्यपदक वर्गीकरणाच्या फेरतपासणीनंतरच रद्द झालं होतं.

वर्ग कळेपर्यंत सराव थांबवायचा नाही, मात्र गोळा विकत घेऊ नका. वजनं वर्गानुसार बदलतात. पॅरिस २०२४ पॅरालिम्पिकमध्ये आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने एफ४६ मध्ये १६.३२ मीटरवर रौप्य घेतलं, तो गोळा ६ किलोचा. त्याच स्पर्धेत होकाटो सेमाने एफ५७ मध्ये १४.६५ मीटरवर कांस्य घेतलं, तो ४ किलोचा. सेमा पुण्यातल्या लष्कराच्या पॅरालिम्पिक केंद्रात तयार झालेला खेळाडू. त्याचा एक पाय गुडघ्याखाली गेलेला आहे आणि तो बसून फेकतो. म्हणजे पाय गेलेल्या मुलाला ब्लेड (धावायचा कृत्रिम पाय) मिळेपर्यंत बाकावर बसवून ठेवायचं काही कारण नाही.

फेकीची फ्रेम

ही गोष्ट भोसरीच्या कोणत्याही फॅब्रिकेशन शॉपमध्ये होते, पण माप तुम्ही हातात द्यायचं. 'खुर्ची करून द्या' म्हणालात तर खुर्चीच मिळेल.

नियम असे: सीटची उंची गादीसकट जास्तीत जास्त ७५ सेंमी. सीट चौरस किंवा आयताकृती, प्रत्येक बाजू किमान ३० सेंमी. सीट सपाट किंवा मागे झुकलेली चालते, पुढे झुकलेली नाही. धरायची दांडी एकच, सरळ, गोल किंवा चौरस काटछेदाची. कुठेही स्प्रिंग किंवा हलणारा भाग नको. पट्टे न ताणणारे. फ्रेम पाय ठेवायच्या पट्टीसकट फेकीच्या वर्तुळात मावली पाहिजे.

सीटची उंची ७३-७४ सेंमीला थांबवा. नवी गादी दबलेली असताना ७५ भरते आणि मैदानावर फुगलेली निघते. ऐनवेळी गादी कापायची पाळी येते.

फ्रेमच्या पायाला आणि सीटला ४० मिमीचा चौकोनी एमएस पाइप, भिंतीची जाडी निदान २ मिमी. पाया सीटपेक्षा सगळीकडून १५-२० सेंमी रुंद, चारही कोपऱ्यांना वेल्ड केलेल्या कड्या. दांडीसाठी पायावर दोन-तीन ठिकाणी सॉकेट करून घ्या, म्हणजे उजव्या आणि डावखुऱ्या दोघांनाही तीच फ्रेम चालते. सॉकेटमध्ये दांडी जराही खुळखुळली तर खेळाडूचा जोर तिथेच मरतो. दोन बोल्टनी आवळून घ्या.

खरा घोळ होतो तो फ्रेम जमिनीला बांधताना. टेम्पोवाले माल बांधायला वापरतात ते रॅचेट बेल्ट चार घ्या. माती किंवा गवतावर ६०-७० सेंमी लांब, जाड सळईच्या खुंट्या फ्रेमपासून बाहेरच्या बाजूला कलत्या ठोका. बेल्ट जमिनीशी साधारण ४५ अंशांत यायला हवा. चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरच्या कोपऱ्यांचे बेल्ट आळीपाळीने ताणा. एकच बाजू आधी पूर्ण ओढली तर फ्रेम तिरकी बसते आणि मग कितीही आवळा, सरळ होत नाही. बांधून झालं की कोचने स्वतः दांडी दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहायची. दर दोन-तीन फेकींनंतर परत पाहायची.

पुण्यातल्या काळ्या मातीत जून ते सप्टेंबर खुंट्या टिकत नाहीत. पहिल्या फेकीला घट्ट, पाचव्या फेकीला हातात. पावसाळ्यात काँक्रीटच्या वर्तुळात नांगर-बोल्टच्या कड्या बसवून घ्या, किंवा जाड लोखंडी पत्र्यावर फ्रेम बांधून पत्र्याच्या कडांवर वजनाच्या प्लेट ठेवा. बोल्टची डोकी वर राहू देऊ नका. उभ्याने फेकणारी मुलं त्याच वर्तुळात येतात.

आता खेळाडू बसवा. गुडघ्याच्या मागच्या भागापासून नितंबांपर्यंत मांडी सीटला टेकलेली हवी आणि फेकताना नितंब उचलले गेले की फाऊल. पट्टा मांडीवर, जांघेच्या शक्य तितक्या जवळ, आडवा घ्यायचा. पोटावर घेतला तर श्वास अडतो आणि नितंब उचलायचे ते उचलतातच. नितंब उचललेले समोरून कधीच दिसत नाहीत. एका मदतनिसाला बाजूला, सीटच्या उंचीवर डोळे येतील असं उकिडवं बसवा. त्याचं काम तेवढंच.

दांडीची जागा प्रत्येकाची वेगळी. सुरुवातीला न फेकणाऱ्या हाताच्या बाजूला, गुडघ्याच्या किंचित पुढे लावा. हात साधारण खांद्याच्या उंचीला, कोपर थोडं वाकलेलं. दहा-बारा फेकी पाहून दांडी पुढेमागे करा आणि जमलेल्या जागी टेप चिकटवा. स्पर्धेत बसायला मिळणारा वेळ मोजका असतो, तिथे प्रयोग होत नाहीत. बसणाऱ्याला सगळे प्रयत्न सलग घ्यावे लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सरावातही सलग सहा फेकी, प्रत्येकीला एक मिनिट, घड्याळ लावून घ्या.

पोट आणि पाठीची ताकद नसलेल्या एफ५१ च्या मुलाला क्लब थ्रो द्या. क्लब लाकडी, ३९७ ग्रॅमचा. पॅरिसमध्ये धरमबीरने ३४.९२ मीटरवर सुवर्ण आणि प्रणव सूरमाने ३४.५९ मीटरवर रौप्य मिळवलं ते यातच. बोटांची पकड नसेल तर बोटांच्या बेचक्यात क्लबची मान अडकवून डोक्यावरून मागे फेकायची पद्धत शिकवा. मागे फेकणाऱ्याला दिशा दिसत नाही, क्लब जाळीत जातो. त्यावर उपाय म्हणजे समोर ठरावीक उंचीवर एक खूण, आणि सोडतेवेळी नजर तिथेच.

गाइड आणि दोरी

टी११ ला डोळ्यांवर पट्टी आणि गाइड दोन्ही सक्तीचे. टी१२ ला गाइड ऐच्छिक, टी१३ ला नाही. ४०० मीटरपर्यंत जोडीला दोन लेन मिळतात. दोरी न ताणणारी, ३० सेंमीच्या आत ठेवा. बुटाची नाडी वापरू नका, ती बोटांत रुतते. जाड सुती दोरीचे दोन फास करून मध्ये गाठ मारली की काम होतं.

गाइड खेळाडूपेक्षा स्पष्टपणे वेगवान हवा, नुसता बरोबरीचा नाही. त्याला धावता धावता बोलायचं असतं. कॉलेजच्या स्प्रिंट संघातला मुलगा घेतलात तर त्याची स्वतःची शर्यत आणि गाइडची शर्यत एकाच सकाळी येणार हे धरून चाला. प्रत्येक खेळाडूमागे दोन गाइड तयार ठेवा. गुलटेकडीच्या आगाशे महाविद्यालयासारख्या ठिकाणी शारीरिक शिक्षण शिकणारी मुलं या कामाला उत्तम. त्यांना हाताळणीचा सरावही मिळतो.

पहिला आठवडा फक्त चालणं. गाइड उजवीकडे असेल तर खेळाडूचा उजवा हात आणि गाइडचा डावा हात एकत्र पुढे येतात, म्हणजे दोघांचे बाहेरचे पाय एकत्र पडतात. हे चालताना जमलं नाही तर धावताना जमणार नाही. मग हलकी धाव, मग ६० मीटरच्या लांब ढांगा, मग ब्लॉक. बाजू एकदा ठरली की बदलू नका.

शब्द आधी ठरवा आणि थोडेच ठेवा. 'वळण', 'सरळ', 'तीस', 'छाती'. धावताना पूर्ण वाक्य बोलणारा गाइड मागे पडतो. वळणाची सूचना वळणाच्या आधी तीन पावलं द्यायची, वळणावर दिली तर खेळाडू लेनच्या बाहेर गेलेला असतो.

सगळ्यात जास्त बाद होणं शेवटच्या पाच मीटरमध्ये होतं. गाइडने ओढलेलं चालत नाही, ढकललेलं चालत नाही, आणि खेळाडूने गाइडच्या आधी रेषा पार केली पाहिजे. दमलेल्या खेळाडूसोबत गाइड आपसूक अर्धं पाऊल पुढे जातो, दोरी ताणली जाते, पंच हात वर करतो. शेवटचे ३० मीटर वेगळे काढून, खेळाडू दमलेला असतानाच, सराव करा. रेषा ओलांडेपर्यंत दोरी सुटता कामा नये. पॅरिसच्या मॅरेथॉनमध्ये स्पेनच्या एलेना कोंगोस्तने पेटके आलेल्या गाइडला सावरायला शेवटच्या काही पावलांवर दोरी सोडली आणि तिसरी येऊनही ती बाद झाली.

लांब उडीत अंध मुलाला उभं राहून हाक देणारा लागतो. टाळी किंवा आवाज, जे ठरेल ते एकच. टी११ आणि टी१२ ला फळीऐवजी १ मीटर लांब, १.२२ मीटर रुंद पट्टा मिळतो आणि उडी पाय उठला तिथून मोजतात. पट्ट्यावर पावडर टाकायला विसरू नका, नाहीतर मोजायचं कुठून? सणस मैदानासारख्या वर्दळीच्या जागी संध्याकाळी हाक ऐकूच येत नाही. हा सराव पहाटेचा ठेवा.

नवीन हालचाल शिकवताना 'असं करा' म्हणू नका. आधी कोचच्या हातावर, खांद्यावर त्याला हात ठेवू द्या, मग त्याची परवानगी घेऊन त्याचा हात हलवून दाखवा. परवानगी प्रत्येक वेळी.

सेरेब्रल पाल्सी, कृत्रिम पाय, टी२०

सेरेब्रल पाल्सीत थंडी आणि थकवा दोन्हींनी स्नायू आखडतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास असतो. या मुलांना साडेसहाला ट्रॅकवर उभं करू नका, आठनंतर बोलवा आणि वॉर्म-अपला २०-२५ मिनिटं द्या. धावा कमी, विश्रांती लांब: ३० मीटरच्या चार, मध्ये तीन ते चार मिनिटं. घड्याळापेक्षा बुटाकडे बघा. बाधित बाजूच्या बुटाचं टोक जमिनीला घासायला लागलं, खर्र आवाज यायला लागला, की त्या दिवसाचं धावणं संपलं. महिन्यातून एकदा बूट उलटे करून तळवे तपासले तर कुठला पाय किती ओढला जातो ते कोणत्याही व्हिडिओपेक्षा स्वच्छ दिसतं. टी३५ ते टी३८ ला ब्लॉक सक्तीचे नाहीत. उभ्याने सुटून वेळ चांगली येत असेल तर ब्लॉकचा हट्ट सोडा.

रोजच्या वापराचा कृत्रिम पाय धावायला बनवलेला नसतो. त्यावर चालणं, उभ्याने फेक, जिम चालेल, वेगाचा सराव नको. ब्लेड मिळालं तरी सॉकेटचा, म्हणजे ठुंठ ज्यात बसतं त्या कपाचा, प्रश्न राहतो: सकाळी घट्ट, घाम आल्यावर सैल. दर २० मिनिटांनी सॉकेट काढून ठुंठ आणि लाइनर पुसायचे, मोज्यांचे थर बरोबर ठेवायचे. कातडी लाल दिसली आणि अर्ध्या तासात लाली गेली नाही तर दुसऱ्या दिवशी ब्लेड नाही.

टी२० च्या मुलांना एका वेळी एकच सूचना, आणि सरावाचा क्रम रोज तोच. क्रम बदलायचा असेल तर आदल्या दिवशी सांगा.

मणक्याची इजा असलेला खेळाडू: इथे चूक परवडत नाही

इजेच्या खाली घाम येत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेआठच्या आत संपवा. पाण्याची फवारणी बाटली आणि ओला टॉवेल प्रत्येकाजवळ हवा, मान आणि चेहऱ्यावर मारत राहायचं. 'मला गरम होत नाही' यावर विसंबू नका, बऱ्याच भागाची जाणीवच नसते.

ही मुलं पाणी पीत नाहीत. आळस म्हणून नव्हे, मैदानाजवळ चेअर आत जाईल असं शौचालय नसतं म्हणून. मग उन्हाचा त्रास होतो आणि लघवीचा संसर्गही. त्यामुळे मैदान ठरवताना ट्रॅकच्या आधी शौचालय बघा. दार निदान ९० सेंमी, उंबरठा नको, आत चेअर वळायला जागा, धरायला दांडी, आणि किल्ली पहाटे साडेसहाला हजर असलेल्या माणसाकडे. मग ते बालेवाडी असो, विद्यापीठाचं आवार असो की सणस मैदान. कागदावर 'सोय आहे' लिहिलेलं असतं आणि दाराला कुलूप असतं.

फ्रेमवर बसण्याआधी खिसे रिकामे, जीन्स नको, मागच्या खिशाची शिवणसुद्धा नको. दर १५-२० मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा मदतीने नितंब उचलून घ्यायचे. घरी गेल्यावर आरशात किंवा घरच्यांकडून कातडी तपासायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर बसून सराव बंद. दाबाची जखम चिघळली की महिने जातात.

छातीच्या सहाव्या किंवा त्यावरच्या मणक्याला इजा असलेल्याला अचानक ठणकणारी डोकेदुखी, चेहरा लाल, वरच्या अंगाला घाम, अंगावर काटा असं दिसलं तर रक्तदाब धोकादायक वाढतोय असं समजा. आडवं झोपवू नका. सरळ बसवा, पट्टे आणि कपडे सैल करा, कॅथेटरची नळी मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का ते लगेच पाहा, आणि लक्षणं दोन-चार मिनिटांत उतरली नाहीत तर थेट दवाखाना. हे चार ओळींत लिहून मदतनिसांच्या फोनमध्ये ठेवा. स्पर्धेत मुद्दाम असं घडवून आणणं बंदी असलेली गोष्ट आहे, हेही मुलांना माहीत असू द्या.

रेसिंग चेअर आलीच तर

तीन चाकं, मागचं टायरसकट जास्तीत जास्त ७० सेंमी, पुढचं ५०. गिअर किंवा लिव्हर नाही, प्रत्येक मोठ्या चाकाला हाताने ढकलायची एकच रिम. चेअर जड चालते अशी तक्रार आली की ताकदीवर जाऊ नका, आधी मागची चाकं समांतर आहेत का ते मोजा. आसाच्या उंचीवर दोन्ही चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून घ्या, फरक एक-दोन मिमीपेक्षा जास्त नको. दुसरं कारण कमी हवा. वळणासाठीचा कॉम्पेन्सेटर (पुढचं चाक वळणाच्या कोनात धरून ठेवणारा भाग) प्रत्येक ट्रॅकवर पुन्हा लावावा लागतो, एका मैदानाचं सेटिंग दुसरीकडे चालत नाही. धक्का मारताना पुढचं चाक उचललं जात असेल तर खेळाडू फार मागे बसलाय. हेल्मेट सरावातही.

स्पर्धेला निघताना

फ्रेम, चारऐवजी सहा बेल्ट, पाना, टेप, मोजपट्टी, जादा दोऱ्या दोन, डोळ्यांच्या पट्ट्या दोन, वर्गीकरणाच्या मूळ कागदांची फाइल. खेळाडू नियमित घेत असलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी निदान दोन महिने आधी नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) यादीशी ताडून पाहा. लघवीच्या आणि दम्याच्या काही औषधांना आधी परवानगी लागते. रेल्वेत दिव्यांग डब्याचं आरक्षण मिळालं तरी फ्रेम त्यात मावेल असं नाही, म्हणून भोसरीलाच दांडी आणि पाया सुटे होतील असं करून घ्या. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी फ्रेम जोडून, खेळाडूला गादीवर बसवून आणि उठवून, दोन्ही वेळा उंची मोजा.